आबा डोळ्यांनी ऐकायचे

आमच्या घरात कुणी कुजबुजत नसे. उपयोगच नव्हता. ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच सगळ्यात आधी कळायचं, आणि तेही कानांनी नाही.

आबा, म्हणजे आमचे वडील, फौंड्रीत फेटलिंगला होते. वितळलेलं लोखंड साच्यात ओतल्यावर जे ओबडधोबड कास्टिंग बाहेर येतं, त्याची चिकटलेली वाळू झाडायची, कडेला राहिलेलं जादा लोखंड छिन्नी-हातोड्यानं तोडायचं आणि ग्राइंडरवर घासून साफ करायचं, हे त्यांचं काम. आधी ते उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये होते. मग मालकानं शिरोलीला एमआयडीसीत मोठी शेड घातली, तिकडं गेले. शेड मोठी झाली तसा आवाजही मोठा झाला. तिथं एक लोखंडी पिंप होतं. वाळू सुटावी म्हणून त्यात कास्टिंगं घालून ते गरागरा फिरवायचे. मी एकदा डबा द्यायला गेले तर पिंप चालू होतं. दारातूनच पळून यावंसं वाटलं. आबा त्या पिंपाला खेटून उभे राहून पोट धरून हसत होते. समोरच्या माणसानं विनोद सांगितला होता, नुसत्या ओठांनी.

कानात कापसाचे बोळे घालायचे ते लोक. कापूस कशाला पुरतो? पाच-सात वर्षांत एकेकाचे कान गेले. पण काम थांबत नाही आणि बोलल्याशिवाय माणूस राहत नाही, म्हणून त्यांनी बोलण्याची आपली एक तऱ्हा काढली. ओठ वाचायचे, आणि जे ओठांनी भागत नाही ते हातांनी सांगायचं. मूठ वर करून झटक्यानं खाली आणली की ‘बंद कर’. मिशीला पीळ दिला की ‘सुपरवायझर आला’. आणि तळवा खाली करून हवा दाबल्यासारखा दोनदा दाबला की ‘गरम हाय, थांब, गार हू दे’. ही शेवटची खूण फार कामाची. लोखंडाचा लाल रंग गेला म्हणजे ते गार झालं असं नसतं, आणि नवा गडी नेमका तिथंच हात घालतो.

ह्या कामानं आबांचं डोकंही स्वतःसारखं करून टाकलं. पाठ फिरवून कुणी बोललं तर ते त्यांच्या हिशेबी बोलणंच नव्हतं. तोंडावर हात ठेवून बोलणारा माणूस लबाड, हे त्यांचं ठाम मत. जाड मिशीवाल्यांवरही त्यांचा राग, कारण वरचा ओठ दिसत नाही. सिनेमाला ते कधी आले नाहीत. नटी गाणं म्हणायला लागली की हमखास झाडाकडं तोंड फिरवते, म्हणायचे. पण पेठापेठांच्या संघांचा फुटबॉल कधी चुकवला नाही. मैदानाच्या त्या टोकाला गोलकीपर कुणाच्या आईचा उद्धार करतोय ते आबा ह्या टोकाला बसून शब्दनशब्द सांगायचे, आणि आजूबाजूचे लोक खेळ सोडून आबांकडं बघत बसायचे.

रविवारी त्यांचे शेडमधले दोस्त आमच्या अंगणात यायचे. समोरासमोर दोन रांगा करून बसायचे, सगळ्यांच्या तोंडावर उजेड पडेल असे. गल्लीतून जाणाऱ्याला वाटावं, इथं कुणी गेलंय की काय, एवढी शांतता. आणि मध्येच सगळे एकदम खदाखदा हसायचे. आई म्हणायची, “भुतांची पंगत बसलीया.”

पण एक गोष्ट आबांना कधी जमली नाही. दुसऱ्याची कुजबुज ते लांबून वाचायचे, स्वतःला मात्र हळू बोलता यायचं नाही. आपला आवाज किती जातोय ते त्यांना कळतच नसे. एका बारशाला ते आईच्या कानाशी लागून म्हणाले होते, “शिऱ्यात डालडा हाय गं.” यजमानीण पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाला वाढत होती, तिच्या हातातला डाव तिथंच थांबला. तेव्हापासून चारचौघांत आबा फारसं बोलायचेच नाहीत.

आणि अंधार. दिवा गेला की आबा घरातून उठून गेल्यासारखेच. राजारामपुरीच्या मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या, आणि लाईट घटकेघटकेला जायची. लाईट गेली की आई आणि तात्या निवांत बोलायला लागत. तात्या म्हणजे आमचे थोरले चुलते, शाळेत मास्तर. घरातला शिकलेला माणूस, त्यामुळं घरातलं सगळं तेच ठरवायचे. आमचं शिक्षण, आईचं दुखणं, गावाकडचं दोन गुंठे रान, सगळ्याचे निर्णय अंधारात झाले. लाईट आल्यावर आबांना नुसतं सांगायचं. आबा मान हलवायचे. पोटच्या पोरींच्या बाबतीत माणसानं इतकं मुकाट राहावं ह्याचा मला संताप यायचा, आणि त्यांच्याकडं बघितलं की संताप कुठल्या कुठं जायचा.

मी घरातली बारकी. आबांना जे तोंड दिसत नाही त्याचं बोलणं मी त्यांच्या समोर उभी राहून ओठांनी सांगायची. त्यांच्या खुणा मला येत होत्या, आक्कालाही येत होत्या. आक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. शांत. माझ्यासारखी भांडकुदळ नव्हे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला आक्काला एक स्थळ आलं. तात्यांनीच आणलेलं. चंदगडकडचं गाव, भाताची शेती, काजूची बाग, एकुलता एक मुलगा. तात्या खूश. मात्र त्यांनी एक गोष्ट आधीच करून ठेवली होती. आबा ठार बहिरे आहेत हे त्यांनी पलीकडं कळूच दिलं नव्हतं. “बाप बहिरा म्हटलं की लोक पोरीचे कान तपासायला लागतात,” असं ते म्हणाले. “एक न्हाय, दोन पोरी हायत.” म्हणजे त्यात मीही आले.

बघायला येणार त्या दिवशी आबांना खिडकीजवळ बसवलं, उजेड पाहुण्यांच्या तोंडावर पडेल असं. मी पाहुण्यांच्या मागं उभं राहायचं, हातात ट्रे घेऊन. कुणी मान वळवून बोललं की मी ते ओठांनी आबांना सांगायचं. सगळी तालीम झाली होती.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचा मामा आणि आणखी एकदोघं. मुलगा मान खाली घालून बसला होता. गोरटेला, बारीक, नखं स्वच्छ. मला तो बरा वाटला, खोटं कशाला बोलू? आबा प्रत्येक वाक्याला बरोबर मान हलवत होते. पोहे झाले. मुलाची आई आणि मामा हात धुवायला अंगणातल्या नळावर गेले. खिडकीतून नळ दिसायचा. आवाज इतक्या लांबून येत नव्हता, आणि आला असता तरी आत तात्या शाळेच्या गोष्टी सांगत होते.

मी आबांकडं बघत होते. त्यांची नजर खिडकीबाहेर गेली आणि तिथंच थांबली. मग त्यांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडं वळून मूठ वर केली आणि झटक्यानं खाली आणली.

बंद कर.

मी काय बंद करणार होते? हातात चहाचे कप. नळावरची दोघं आत येऊन बसली. तात्या म्हणाले, “मग सुपारी फोडायची का?” आईनं ताट पुढं केलं. आबांनी पुन्हा मूठ खाली आणली, ह्या वेळी गुडघ्यावर आपटली. मी ट्रे धरून नुसती उभी. आपल्या बापाला काहीतरी भयंकर कळलंय एवढं मला कळत होतं, आणि पुढचं काहीच कळत नव्हतं.

शेवटी आबा बोलले. त्यांच्या मनानं हळूच बोलले असणार. “तात्या, जरा भाईर चला.”

सगळ्यांचे कप हातातल्या हातात थांबले. मुलगा दचकला. तात्या हसले. “फौंड्रीतला माणूस. हळू बोलायचं इसरून गेलाय.” मामानं आबांकडं तोंड करून विचारलं, “काय झालं, पावणं?”

आबांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. आता बोलायचं तर सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं, आणि तेही ओरडून. मला नुसत्या ओठांनी सांगावं तर सगळे त्यांच्या तोंडाकडंच बघत होते. समोर तो मुलगा मान खाली घालून बसलेला, दाराआड आक्का उभी, भिंतीला भिंत लागून शेजार. बाहेर बोलवावं तर तात्या हलेनात.

“काय न्हाय,” आबा म्हणाले. “तात्यांनी हात धुतलं न्हाईत, एवढंच म्हणत हुतो.”

तात्यांनी सुपारी फोडली.

पाहुणे गेल्यावर आबांनी सांगितलं. नळावर मुलाची आई म्हणाली होती, “गोळ्यांचं सांगायचं का?” आणि मामा म्हणाला होता, “आत्ता न्हाय. सुपारी फुटू दे. लगीन झालं की झटकं बी थांबत्यात.”

आई मटकन खाली बसली. तात्यांनी आधी डोळे मिटले, मग म्हणाले, “नळावर माणसं तोंड धुत होती. ओठ हलले आणि तुला गोळ्या दिसल्या? खोकल्याच्या असतील.” हे मात्र ते आबांकडं तोंड करून, सावकाश बोलले, शाळेतल्या पोराला सांगावं तसं.

“आबा चुकत नाहीत,” मी म्हणाले.

“तू मधी बोलू नको.”

“चुकत नाहीत म्हणजे नाहीत. मैदानातलं—”

“मैदानातलं मैदानात,” तात्या म्हणाले. “उद्या मी त्यांच्या दारात जाऊन काय सांगू? कसं कळलं म्हणतील. बाप ठार बहिरा हाय, लांबून तोंडं वाचतो, असं सांगू? म्हणजे आधी आम्ही लपवलं हे कबूल करायचं, आणि मग तुम्ही लपवलं म्हणून भांडायचं. आणि सुपारी फुटलेली पोरगी घरात ठेवायची. मग हिला तरी कोण करून घेईल?” हिला म्हणजे मला. माझ्याकडं बोटसुद्धा दाखवलं.

आणि खरं सांगते, त्या माणसाला शिव्या द्यायला मला तोंड नव्हतं. तो वाईट बोलत नव्हता, आमच्या अडचणीचं सगळं गणित मांडत होता, आणि प्रत्येक बाजूनं ते तसंच सुटत होतं.

आबा उठून आत गेले. आक्का मोरीत कपबशा विसळत होती. “तुझं काय म्हननं हाय?” त्यांनी विचारलं. आक्का वळली नाही. पाठमोरीच राहून म्हणाली, “आता काय बोलायचं आबा? सुपारी फुटली.” तिला माहीत होतं की पाठमोरं बोललेलं आबांना पोहोचत नाही. घरात ते सगळ्यात पक्कं कुणाला माहीत असेल तर आम्हा दोघींना. आबांनी माझ्याकडं बघितलं. “काय म्हणाली?” मी ओठांनी सांगितलं. ते तिच्या पाठीकडं बराच वेळ बघत राहिले.

पुढच्या रविवारी आबा शेडमधल्या एका दोस्ताला घेऊन एस्टीनं चंदगडकडं गेले, चौकशी करायला. एक बहिरा आणि दुसरा त्याहून बहिरा. तिथं पोचल्यावर त्यांनी गावच्या हॉटेलात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं वाचायचं ठरवलं होतं. बहिऱ्या माणसांसमोर लोक बिनघोर बोलतात, हा त्यांचा अनुभव. पण तिकडची बोली वेगळी. त्यात मध्येमध्ये कानडी. ओठ हलताना दिसायचे आणि शब्द काही जुळायचे नाहीत. दोन दिवाळ्यांचे कपडे एका पिशवीत कोंबावेत तसा सगळा गोंधळ, आबा म्हणाले. संध्याकाळी पावसात भिजून दोघं परत आले. “आपल्या शेडात असती माणसं तर सांगितलं असतं,” एवढंच बोलले आणि टॉवेलनं डोकं पुसत बसले.

लग्न झालं.

मुलगा वाईट नव्हता. तीच तर पंचाईत. वाईट असता तर आक्का भांडली असती, मी तर त्याची कॉलर धरली असती. त्याला लहानपणापासून झटके यायचे, आणि आक्काला हे आधीच सांगितलंय असं त्याच्या आईनं त्याला सांगितलं होतं. पहिला झटका आला तो आक्कासमोर, चुलीशी. शुद्धीवर आल्यावर तिचा चेहरा बघून त्याला कळलं की तिला काहीच माहीत नव्हतं. तो रडला म्हणे. आक्कानंच त्याला पाणी दिलं.

मग आक्काला नवं काम लागलं. त्याच्यावर नजर ठेवायची. विहिरीवर गेला की मागोमाग, चुलीजवळ बसला की शेजारी, भाताच्या लावणीला चिखलात उतरला की बांधावर. सासू म्हणायची, “तू हायस म्हणून मला घोर न्हाय.” वर्षभरात आक्का एकदा माहेरी आली, तेव्हा जेवताना तिची नजर सारखी समोरच्याच्या हाताकडं होती. माझा हात पाण्याच्या तांब्याकडं गेला तर तिनं तांब्या आधीच धरला. हसायला गेले आणि हसूच आलं नाही. ग्राइंडरनं आबांना जे केलं होतं, तेच त्या घरानं आक्काला केलं होतं, आणि ते किती लवकर.

दुसऱ्या वर्षी नागपंचमीला तिला आणायला आबा आणि मी गेलो. पाऊस असा की एस्टीच्या काचा असून नसल्यासारख्या. त्यांच्या पुढच्या सोप्यात बसलो. चहा आला. सासू समोर बसली आणि गोड बोलून नाही म्हणाली. “लावणीचे दिस हायत. परवाच दोनदा झटका आला. ही गेली तर त्याच्याकडं बघायचं कुणी? पुढच्या वर्षी घिऊन जावा.” जावई तिथंच बसला होता, मान खाली घालून, बघायला आला होता त्या दिवशीसारखा. कपाळावर टाके घातलेली खूण होती.

सासूच्या पाठीमागं स्वयंपाकघराच्या दारात आक्का उभी होती. पदर डोक्यावर, चेहरा हसरा. पाहुणे आल्यावर असावा तसा. आणि त्या हसऱ्या चेहऱ्यात तिचे ओठ हलले. आवाज नाही, काही नाही.

आबा, मला न्या.

सोप्यात पाच माणसं होती. दोघांनाच कळलं. आबांची बशी ओठांपाशी थांबली. त्यांनी ती खाली ठेवली. सासू बोलत होती, जावई जमिनीकडं बघत होता, त्याचे हात मांडीवर थोडे थरथरत होते. आबांनी त्या हातांकडं बघितलं. मग आक्काकडं. मग त्यांचा हात गुडघ्यावरून वर आला, तळवा खाली झाला, आणि त्यांनी हवा दाबावी तसा तो दोनदा दाबला.

गरम हाय. थांब. गार हू दे.

आक्कानं मान हलवली. पदर सारखा केला आणि आत गेली. निघताना बाहेर आली ती गूळ-पोहे बांधून घेऊन. तेव्हा तिचे ओठ मिटलेलेच होते.

शेवटची गाडी मिळाली. गाडीत गर्दी नव्हती, पण दहा-पंधरा माणसं होतीच. घाट लागायच्या आत अंधारून आलं. आबा खिडकीशी, मी शेजारी. ते माझ्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मनानं अगदी हळू बोलले.

“मला न्या म्हणाली ती. तू बी बघितलंस न्हवं?”

सगळी गाडी मागं वळली. कंडक्टरनं तिकिटांची पेटी मिटली. आबांना त्याचा पत्ता नव्हता. मी मान हलवली.

“मी गरम हाय म्हणालो,” आबा तशाच मोठ्या आवाजात पुटपुटले. “शेडात आपल्याला ठाव असतंय, किती वेळात गार हुतंय ते. हितं कसं सांगायचं?”

“आबा,” मी म्हणाले, “उतरूया. परत जाऊया. तिला घेऊन येऊया.”

“काय?”

एव्हाना बाहेरचा उरलासुरला उजेडही संपला होता आणि गाडीतला दिवा लागत नव्हता. मी पुन्हा म्हणाले. ओरडूनच म्हणाले. पुढच्या बाकावरची बाई वळून आबांना म्हणाली, “बाबा, पोरगी उतरूया म्हणतीया, तिला आणूया म्हणतीया.” तिचंही तोंड त्यांना दिसलं नाही. मी मूठ वर करून झटक्यानं खाली आणली. बंद कर, थांबव ही गाडी. अंधारात खूणसुद्धा दिसत नाही. माझं बोलणं गाडीतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं, आबा सोडून.

मी त्यांची बाही धरून ओढली. त्यांना वाटलं, मी रडतेय. त्यांनी माझा हात आपल्या खरबरीत हातात घेतला, वरून थोपटला, आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं हळूच म्हणाले, “हुईल गं गार.”